बारीक अक्षर

फोटो भिवराचाच होता. त्यात छबुबाईला तिळभर शंका नव्हती. सून शिवकांता रोज संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जिल्ह्याच्या बातम्या वाचून दाखवायची, तशी कालही दाखवत होती. वाचता वाचता तिनं माऊसचं चाक फिरवलं, पान वर सरकलं आणि भिवराबाईचं तोंड खालून आलं, वरच्या काठाला जाऊन बुडालं. विहिरीत सुटलेली कळशी बुडावी तसं. नाकातली मोरणी तीच, भुवईवरचा व्रणही तोच. चकलांब्याच्या ओढ्यात लहानपणी छबुबाईनंच ह्या मैत्रिणीवर फेकलेल्या दगडाचा. तोंडाखाली दोन-चार ओळी होत्या. पण त्या ओळी कसल्या, सांडलेल्या साखरेला लागलेल्या मुंग्या त्या. छबुबाई म्हणाली, "मागं घे गं जरा. काय होतं ते?" शिवकांता म्हणाली, "काय न्हाई आत्या, जाहिराती हायत नुसत्या," आणि धरणाचं पाणी उजव्या कालव्याला कधी सुटणार ते वाचायला लागली. छबुबाई गप्प बसली. तिला गप्प बसायची सवय नव्हती.

माणसाचा फोटो पानावर कशाला येतो? वाढदिवसाला येतो, निवडीला येतो, सत्काराला येतो. बाईचा तर बिनकारणाचा येतच नाही. भिवरा सरपंच झाली असंल, छबुबाईनं मनाशी ठरवून टाकलं. राखीव सुटली असंल जागा, पोरांनी उभी केली असंल म्हातारी, आणि आता शालीखाली मान वाकवून हारावर हार घेत असंल. ते मला सांगायचं नाही, कारण सासूचा जळफळाट होईल म्हणून सून जाहिरात म्हणते. आणि ती भिवरा. साधा सांगावा न्हाई. वर्षभर नुसतं कुणाच्या तरी तोंडी, बरी हाय, छबीला विचारलंय म्हणून सांग. विचारलंय म्हणं. माज आलाय तिला. अंथरुणावर पडून छबुबाईनं भिवराला इतकं सुनावलं की पहाटे तिचंच तोंड कडू झालं होतं.

दुपारी मुलगा हनुमान जेवायला आत गेला की दुकान छबुबाईच्या ताब्यात असे. माजलगावच्या मोंढ्यालगत खतं-बियाण्यांचं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. दोन वर्षं झाली, तिची दुनिया ह्या पडद्याच्या दोन बाजूंपुरतीच उरली होती. घाटनांदूरला एका मयताच्या घरी भेटायला गेलती, तिथंच अंगणात कोसळली. काळजाच्या नळीत जाळी बसवली, डॉक्टरनं काय काय सांगितलं ते हनुमाननं ऐकलं, आणि तेव्हापासून तिला कुणी गाडीत बसवलं नाही. ऊन हाय आत्या, धूळ हाय आत्या, रस्ता खराब हाय आत्या. गल्ल्यामागच्या खुर्चीत बसायचं, युरियाच्या पोत्यांचा आंबूस वास घ्यायचा, औषधांच्या बाटल्यांवरची कवटी बघायची. आलेल्या गिऱ्हाइकाला दोन शब्द टोचायचे. गिऱ्हाइकं हसायची. म्हातारीचा वचक अजून हाय बघा, म्हणायची. ते तिला बरं वाटायचं.

तिनं नोकराला धाडून आदिबाला बोलावलं. आदिबा म्हणजे फळवाल्या ख्वाजाची सून, दोन शटर सोडून तिचं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान. हनुमानच्या कॉम्प्युटरला मागं एकदा व्हायरस लागून सगळी बिलं उडाली, तेव्हा तिनंच त्यात ते फुकटातलं लिनक्स घालून दिलं होतं. मशीन तेव्हापासून आजारी पडलं नव्हतं, फक्त बारीक लिहायला लागलं होतं.

"काय झालं काकू, बंद पडलं का?"

"बंद कशाला पडंल, तूच बसवलंय ना. अक्षर दिसंना त्याचं. मुंगीनं हगल्यावानी दिसतंय. मोठं कर."

"बिलाचं का?"

"समद्याचं. त्या बातम्यांचंबी."

आदिबानं ओढणी खांद्यावर टाकली, स्टुलावर बसली, बातम्यांचं पान उघडलं आणि दोन बटणं एकदम दाबली. पान फुगलं. चित्रं फुगली, रिकाम्या जागा फुगल्या, ओळी उजवीकडून बाहेर सांडल्या. कालव्याचं अर्धंच पाणी पडद्यावर राहिलं, अर्धं भिंतीपलीकडं गेलं. "हे न्हाई चालायचं," छबुबाई म्हणाली. "मला पान न्हाई, अक्षर मोठं पायजे." आदिबा हसली. तिनं ते होतं तसं केलं आणि ब्राउझरच्या सेटिंगात शिरली. आकड्यांची एक उतरंड आली, तिनं मोठा आकडा निवडला. परत पानावर आली तर इंग्रजी शब्द तेवढे बैलाएवढे झाले होते आणि मराठी तशीच, त्यांच्या पायात वळवळत.

"बघ," छबुबाई म्हणाली, "सायबाचं लगीच ऐकलं. आमचं कावून ऐकत न्हाई त्ये?"

"रुको काकू. ह्याच्यात प्रत्येक लिपीचं खातं वेगळं असतंय. आपण त्या खात्यातच गेलो न्हाई." पण आधी ती दुसरीकडं गेली. ह्या मशीनला धड मराठी अक्षरच ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, कुठलं तरी हडकुळं उसनं घेऊन दाखवत होतं. म्हणून तिनं एक भरल्या अंगाचं अक्षर उतरवून घेतलं, काठ तुटक दिसू नयेत म्हणून कसलीशी खूण केली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली.

छबुबाई त्या पट्टीकडं बघत होती आणि तिला तिची शाळा आठवत होती. शाळा म्हणजे काय, मारुतीच्या पारावर दुसरीपर्यंत. मग धाकटा भाऊ आसाराम झाला आणि त्याला कडेवर घेणारं कुणी पाहिजे म्हणून पाटी फुटली ती फुटलीच. पण तेवढ्यात अक्षर आलं होतं. मोठं अक्षर. गेवराई, माजलगाव, बीड ही एष्टीच्या कपाळावरची अक्षरं. भिंतीवर गेरूनं रंगवलेली मतं द्या. दुकानांच्या पाट्या, खताच्या पोत्यावरचं नाव. बारीक अक्षर हे पुरुषांचं. स्टँपाचं, कोर्टाचं, पेपराचं. नवरा गहिनीनाथ चष्मा लावून ओसरीवर पेपर मोठ्यानं वाचायचा, ती चुलीपुढून ऐकायची आणि मधेच एखादा वाकडा शब्द फेकायची. त्याला वाटायचं, हिला वाचून दाखवतोय मी. तो गेल्यावर सून वाचायला लागली. छबुबाईनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं की मला मोठं अक्षर येतं, आणि बारीक येत नाही हेही नाही. वाच तू, तुझं तोंड तरी चालू राहील, असं ती म्हणायची. आपल्याला कुणीतरी वाचून दाखवतं, ह्यात तिला घरची मालकीण असल्यासारखं वाटायचं. आता पट्टी भरताना तिला पहिल्यांदा वाटलं की सगळा जन्म आपण दुसऱ्याच्या तोंडातलं चावलेलंच खात आलो.

"हां, हे बघा. लॅटिन, अरबी... देवनागरी. आत्ता आलं खातं," आदिबा म्हणाली. "ह्याहून बारीक कधीच दाखवायचं न्हाई, असं सांगते त्याला." तिनं आकडा भरला, पानावर परत आली, आणि चाक फिरवून पान खाली नेलं. खाली जाता जाता तिचं बोट एकदम थांबलं.

तिथं भिवरा होती. मोरणीसकट. तिच्या खालच्या मुंग्या सुजून, टरारून अक्षरं झाल्या होत्या, काळ्याभोर, भरल्या अंगाच्या. छबुबाईला त्यांची फोड करून वाचावंसुद्धा लागलं नाही. मोंढ्याच्या चौकात, पुलाच्या कठड्याला, प्रत्येक खांबावर कुणाच्या ना कुणाच्या तोंडाखाली तिनं तो आकार पाहिला होता. एष्टीची पाटी ओळखावी तसा ओळखला. प्रथम पुण्यस्मरण. मग पुढचं तिनं जोडून जोडून वाचलं. भिवराबाई. चकलांबा. सकाळी. कीर्तन. महाप्रसाद. वार होता तो परवाचा.

आदिबाचा हात माऊसवरून हलला नाही. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या खडखडत गेल्या आणि काचेच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या.

"तुला ठाव होतं?" छबुबाईनं विचारलं.

"काकू, समद्या गल्लीला ठाव हाय. हनुमानभाऊंनी घरोघरी हात जोडून सांगितलं. डॉक्टर बोलले म्हणं, मयताची खबर द्यायची न्हाई. काळजाला झेपायचं न्हाई."

"म्हंजे तूबी."

"मी काय करणार होते? तुमी इचारलं असतं तर खोटं बोलले नसते."

"मी काय इचारायचं होतं गं? भिवरा मेली का, असं?"

आदिबानं खाली बघितलं. "लहान करून ठिवू का परत? कुणाला कळायचं न्हाई."

"राहू दे." छबुबाईचा आवाज नेहमीसारखाच निघाला, ह्याचं तिलाच नवल वाटलं. "जा तू. गिऱ्हाईक खोळंबलं असंल तुझं."

आदिबा पान परत कालव्याच्या बातमीवर नेऊन गेली आणि छबुबाई खुर्चीत तशीच राहिली. छातीत काही झालं नाही. ती वाट बघत होती, हात ब्लाऊजवर ठेवून, की आता जाळी तुटंल, आता कळ येईल; पण काळीज बैलासारखं एका चालीनं चालत राहिलं. एवढंच झालं की दुकान लहान झालं. पोती जवळ आली, पडदा जवळ आला. वर्ष. संक्रांतीला शिवकांतेनं फडक्यात बांधलेला तिळगूळ आणून दिला होता, भिवरामावशीनं धाडलाय म्हणून, आणि ही म्हणाली होती, हात गेला गं तिचा, गूळ जाळलाय. शिवकांतेनं खाली मान घातली होती. पोळ्याला निरोप, दिवाळीला निरोप. गुडघे दुखतेत म्हणं मावशीचे. सून कशी हाय म्हणं तिची. आणि ही गल्ल्यावर बसून, आल्यागेल्यासमोर, मेलेल्या बाईचे माज काढत होती, आणि समोरचं माणूस, जाणतं माणूस, मान हलवत होतं. वचक कसला. ते हसायचे ते तिच्या टोमण्याला हसत नव्हते, पोराच्या खेळात चोर झाल्यासारखे हसत होते. सगळा मोंढा मिळून एका म्हातारीपुढं राज्य मांडून बसला होता आणि म्हातारी हुकूम सोडत होती.

मग दुसरंच काहीतरी अंगावर आलं. भिवरा जर वर्षापूर्वीच गेली असंल तर बाकीचे? बंकट आडत्या पावसाळ्यापासून दिसला नाही. लेकीकडं पुण्याला गेलाय, हनुमान म्हणाला होता. समोरची कासारीण. घाटनांदूरचे व्याही. आणि आसाराम. आसारामचा फोन येतो तो हनुमानलाच येतो. मामा इचारत होते, असं हनुमान फोन ठेवून सांगतो. ती डोळे मिटून एकेकाचं तोंड आठवायला लागली आणि प्रत्येक तोंड खालून वर येऊन काठाला बुडायला लागलं. कुणाला धरावं कळेना. जिवंत कोण आणि शिवकांतेच्या तोंडात कोण, ह्यात रेघ कुठं होती? तिनं माऊस धरून पाहिला. हातात मेलेल्या घुशीसारखा गार लागला. चाक कुठल्या बाजूला फिरवायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फिरवलं तर मागचे महिने येतील का, त्यात कोण कोण येईल, ह्या भयानं तिनं हात काढून घेतला.

गहिनीनाथ गेला त्या दिवशी नात्यागोत्याच्या आधी भिवरा आली होती. कुणी कळवलं, कशी आली, देव जाणे. पहिल्या एष्टीनं आली आणि बरोबर फडक्यात भाकरी होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरच्या माणसानं कडू घास आणायचा असतो. जावांनी ताट पुढं सरकवलं होतं, ह्या छबुबाईनं तोंड फिरवलं होतं, बघू कोण चारतंय मला अशा हट्टानं. भिवरानं भाकरी मोडली, झुणक्यात बुडवली आणि तिच्या दोन्ही जबड्यांत बोटं घालून घास आत लोटला. "गिळ छबे. थुकलीस तर बघ." मग ती तिच्या पाठीमागं बसली. भिंत लागू नये म्हणून आपली पाठ तिच्या पाठीला लावून बसली, दिवस मावळेपर्यंत, एक शब्द न बोलता. त्या पाठीची ऊब छबुबाईला आता, युरियाच्या वासात, मणक्यांवर जाणवली. आणि भिवरा गेली तेव्हा तिच्या दारात कोण आलं नाही हे चकलांब्यात साऱ्यांनी पाहिलं असणार. कोण आलं, कोण नाही, कोण किती उशिरा आलं, हे जन्मभर छबुबाईनंच तर ध्यानात ठेवलं होतं. त्यावरून माणसं तोडली होती. आता भिवराची सून आपल्याबद्दल तेच म्हणत असंल. म्हणो. ते खरंच आहे. पण जायला पाहिजे. परवा जायला पाहिजे, तिच्या पोराला-सुनेला हातानं घास चारायला पाहिजे, आणि जायचं तर मला कळलंय हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की उद्यापासून हा कॉम्प्युटर आतल्या खोलीत जाणार, आदिबाचं येणं बंद होणार, दुपारची खुर्चीसुद्धा जाईल. झोपा आत्या, आराम करा आत्या. न सांगावं तर भिवरा अशीच निरोप धाडत राहणार, वर्षानुवर्षं, गुडघे दुखतेत म्हणून.

हनुमान जेवून आला, गल्ल्यावर बसला. त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं. "हे अक्षर कुणी वाढवलं?"

"मी, आदिबाकडून. नोकराला बिलातलं दिसंना. दोन पोत्यांचं एक लिवत होता."

"बरं केलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सवयीचा मऊपणा होता. छबुबाईनं पहिल्यांदा ऐकल्यासारखा तो ऐकला. दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसा होता तो.

दिवेलागण झाली. हनुमान मोंढ्यात वसुलीला गेला. शिवकांता हात पुसत पडद्याआडून आली, उदबत्ती लावली, स्टूल ओढून बसली. पान उघडलं आणि तिचे खांदे किंचित वर गेले. अक्षरं एवढी मोठी की स्टुलावरूनच काय, रस्त्यावरच्या माणसालाही वाचता आली असती. "अगं बाई," ती पुटपुटली, आणि हसून म्हणाली, "मला चष्मा लागायचा तो वाचला." मग वाचायला लागली. कालवा वाचला. कापसाचा भाव वाचला. एका ठिकाणी ती थबकली, पुढचं सोडून चाक फिरवलं. छबुबाई ते सोडलेलं बघत होती. कुठल्याशा गावचा कुणी हरिओम, अपघात. गेलं वर. तिला वाटलं, ही रोज इतकं उचलून टाकते, आणि रिकाम्या जागा भरायला काय काय बनवत असंल, आणि दिवसभराचं घरकाम करून वर हेही.

भिवराबाई आली. खालून वर, मोरणीसकट. ह्या वेळी शिवकांता चाक फिरवायला विसरली. काल पुढं ढकललेलं तोंड आज हातभर अक्षरांसकट दोघींच्या मधे उभं होतं आणि सासू त्याच्याकडंच बघत होती.

"भिवरा हाय ना गं ती?" छबुबाई म्हणाली. "काय लिवलंय?"

शिवकांतेची नजर ओळीवरून डावीकडून उजवीकडं नीट फिरायला लागली, खऱ्या वाचणाऱ्यासारखी, जिथं विराम होता तिथं तिनं श्वासही घेतला. "चकलांब्याच्या भिवराबाईंच्या नातवाला पोलिसात नोकरी लागली. म्हणून गावानं सत्कार ठिवलाय."

छबुबाई तिच्या गळ्याकडं बघत राहिली. गळ्यातली शीर उडत होती. ही पोर आपण ह्या घरात आणली तेव्हा चुलीवरचं दूध उतू गेलं तरी रडायची.

"लई झाक," छबुबाई म्हणाली. "मग परवा जाऊ. हनुमानला गाडी सांग."

"परवा कशाला आत्या? निवांत जाऊ की. ऊन हाय."

"परवाच हाय की ते. लिवलंय खाली. सकाळी कीर्तन हाय, मग जेवण."

शिवकांतेचं बोट चाकावरून उतरलं. तिनं सासूकडं पाहिलं नाही, पडद्याकडंच पाहत राहिली. त्या मोठ्या अक्षरांचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि त्यात तिच्या डोळ्यांतलं पाणी साचत चाललेलं दिसत होतं.

"सकाळी लवकर उठ," छबुबाई म्हणाली. "झुणका कर. भाकरी पातळ थाप, फडक्यात बांध. माझ्या हातानं चारायच्या हायत तिच्या पोराला. वाटंत कुठं थांबायचं न्हाई."

शिवकांता पदरानं नाक पुसून, वाचताना काढायची तो आवाज न काढता, अगदी हळू म्हणाली, "आत्या, वर्ष झालं. आता कडू घास न्हेत न्हाईत. वर्षाला दुखवटा उतरतोय, घरात गोडाचं करतेत. झुणका-भाकर घिऊन दारात गेलं तर अपशकून मानतील. तुमीच सांगितलंय मला हे."

खरं होतं. तिनंच सांगितलं होतं. सुनेला ह्या घरात आल्यावर पहिल्या वर्षीच, नियम म्हणून, बोट नाचवून. रस्त्यावर दिवे लागले होते, कुणीतरी दारात येऊन मालक आहेत का म्हणून विचारलं, शिवकांतेनं नाहीत म्हणून हात हलवला, माणूस गेला. छबुबाईचे हात मांडीवर होते, रिकामे, तळवे वर.

"मग काय न्यायचं?" तिनं विचारलं.

शिवकांतेला तिनं असं कधीच काही विचारलं नव्हतं. शिवकांतेनं आठवून पाहिलं. कुणी तिला ते सांगितलेलं नव्हतं. "ठाव न्हाई आत्या," ती म्हणाली, आणि स्टूल जरा सासूकडं सरकवून बसली.